घोड्याच्या तोंडांतलें लोखंड

माथेरानला किंवा महाबळेश्वरला गेलेल्या कुटुंबांतलें एखादें तरी मूल घोड्यावर बसल्यावांचून परत येत नाहीं. घोडेवाला मुलाला उचलून वर बसवितो, लगामाचे पट्टे त्याच्या हातांत देतो आणि म्हणतो, "घट्ट धरा." मूल घट्ट धरतें. तोल गेला, भीति वाटली, कीं तें त्या पट्ट्यांनाच लोंबकळतें. खालीं उभे राहिलेले आपण कौतुकानें पाहत असतों. मूल पडणार तर नाहीं ना, एवढीच आपल्याला काळजी असते. त्या पट्ट्यांचें दुसरें टोंक कोठें आहे आणि तेथें त्या क्षणीं काय चाललें आहे, हा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. त्या दुसऱ्या टोंकासंबंधानें मला आज बोलावयाचें आहे.

मराठींत लगाम हा एकच शब्द आपण सबंध साजाला लावतों. डोक्यावरचे चामडी पट्टे, स्वारानें हातांत धरावयाचे पट्टे आणि तोंडांत राहणारें लोखंड, हें सारें मिळून लगाम. संस्कृतांत मात्र या लोखंडाला स्वतंत्र नांव होतें. अमरकोशांत त्यासाठीं कविका आणि खलीन असे दोन शब्द आहेत. त्यांतला खलीन हा ग्रीक भाषेंतील 'खालिनोस' या शब्दावरून आपल्याकडे आला असें भाषापंडित मानतात. मी या भाषणांत नुसतें 'लोखंड' असेंच म्हणेन. खलीन म्हटलें तर पंडितांना बरें वाटेल, पण एखाद्या मोतद्दारापुढें तो शब्द उच्चारून पाहावा!

घोड्याच्या तोंडाची रचना एकदां नीट ध्यानांत आली म्हणजे पुढचें पुष्कळसें आपोआप कळतें. पुढें वर सहा आणि खालीं सहा असे बारा कातरे दांत असतात. त्यांनीं तो गवत तोडतो. मागें दोन्ही जबड्यांत मिळून चोवीस दाढा असतात. त्यांनीं तो तें दळतो. या दोहोंच्या मध्यें दांत नसलेली मोकळी हिरडी आहे. नर घोड्याला या मोकळ्या जागेंत बहुधा चार सुळे येतात. घोडीला बहुधा येत नाहींत, आले तरी बारीक असतात. लोखंड राहतें तें या मोकळ्या जागीं. ही जागा निसर्गानें जणूं लगामासाठींच राखून ठेविली आहे, असें पुष्कळांना वाटतें. परंतु ती कांहीं गादी नव्हे. आपल्या नडगीवरून बोट फिरवून पाहा: वर पातळ कातडी आणि तिच्या खालीं लगेच हाडाची धार. घोड्याच्या खालच्या जबड्याची कड अगदीं तशीच आहे. तिच्यावर वर्षानुवर्षें ठोके बसत राहिले तर हाडालाच गांठ येते. जुन्या उत्खननांत सांपडलेल्या जबड्यांवरच्या अशा गांठी आणि दाढांवरची झीज पाहून, त्या घोड्यानें हयातींत लगाम वागविला होता काय याचा तर्क संशोधक करतात. घोडा मेला, स्वार मेला, राज्यें गेलीं, तरी ती खूण हाडावर राहिली.

दुसरा एक गैरसमज असा कीं, तोंड म्हणजे पोकळी, आणि लोखंड तिच्यांत अधांतरीं राहतें. तोंड मिटलेलें असतां घोड्याची जीभ ती सारी जागा व्यापून टाकते. १९८४ सालीं हिलरी क्लेटन या पशुवैद्य विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यानें घोड्याच्या तोंडांतल्या लगामाचीं हलतीं क्ष-किरणचित्रें घेतलीं. त्यांत असें दिसलें कीं लोखंडाचा पुष्कळसा दाब जीभच सोसते. घोडा जिभेनें तें उचलून धरतो, मागें ढकलतो, कधीं दाढांमध्यें चावून धरतो. म्हणजे आपण ज्याला घोड्याची खोड म्हणतों, ती बहुतेक वेळां जिभेनें चालविलेली स्वसंरक्षणाची खटपट असते.

यावरूनच जाडीचा प्रश्न सुटतो. जाड लोखंड सौम्य, बारीक लोखंड कठोर, हें पूर्वींपासून शिकविलें जातें, आणि त्यांत अर्धें सत्य आहे. पाण्यानें भरलेली बादली नुसत्या तारेनें उचलली तर तार बोटांत रुततें. त्याच तारेवर लांकडी मूठ असली तर रुतत नाहीं. परंतु जेथें जीभच मावेनाशी झालेली असते तेथें अंगठ्याहून जाड दांडा घातला तर बिचाऱ्यानें तोंड मिटावें कसें? लहान तोंडाच्या, जाड जिभेच्या घोड्याला असला 'सौम्य' लगाम दिवसभर बोळा कोंबल्यासारखा होतो. सर्वसाधारण घोड्याला चौदा ते अठरा मिलिमीटर जाडीचें, गुळगुळीत आणि टोंकांकडे एकदम बारीक न होणारें लोखंड ठीक पडतें. तट्टाला त्याहून थोडें कमी. याचा निकाल मात्र ओंठ बाजूला करून, आंत पाहूनच लावावा लागतो.

आतां आकाराकडे वळूं. आकाशवाणीवरून चित्र काढून दाखवितां येत नाहीं, म्हणून शब्दांवरच भागवून घ्यावें लागेल. सर्वांत साधा लगाम म्हणजे ज्याला इंग्रजी पद्धतीचे स्वार स्नॅफल म्हणतात तो: तोंडांत एक आडवी दांडी आणि तिच्या दोन टोंकांना दोन कड्या; हातांतले पट्टे थेट या कड्यांना बांधलेले. जेवढें ओढाल तेवढेंच तोंडाला लागतें, अधिक नाहीं. ही दांडी कधीं अखंड असते, कधीं मध्यें एक जोड असलेली, कधीं दोन जोड आणि त्यांच्यामध्यें एक लहान गोलसर मणी असलेली. एका जोडाची दांडी दोन्ही पट्टे एकदम ओढले म्हणजे अडकित्त्याप्रमाणें मिटते आणि जिभेला व हिरड्यांच्या कडांना दोन्ही बाजूंनीं आंवळते. कांहीं घोड्यांच्या टाळूलाहि तिचा जोड टोंचतो. मधला मणी गुळगुळीत असेल तर दोन जोडांची दांडी जिभेवर तिच्या वळणाप्रमाणें बसते, आणि बहुतेक घोड्यांना ती मानवते. येथें एक सावधगिरी हवी. दोन जोडांचाच, पण मध्यें मण्याऐवजीं तिरपी चपटी पट्टी असलेला एक लगाम मिळतो. त्याला डॉक्टर ब्रिस्टल असें सभ्य नांव आहे. दुकानांत टांगलेला असतां तो दुसऱ्यासारखाच दिसतो. तोंडांत गेल्यावर त्या पट्टीची कड जिभेंत दाबते. म्हणून लगाम घेतांना तो डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं. स्वतःच्या मनगटाच्या आंतल्या बाजूवर ठेवून, दुसऱ्याकडून पट्टे ओढवून पाहावा. मी तर दुकानदार हंसला तरी हें करतोंच.

याहून निराळी जात म्हणजे तरफेचे लगाम. यांत दांडीच्या दोन्ही टोंकांना उभे दांडे असतात आणि हनुवटीखालून एक सांखळी जाते. लहान मुलांना शाळेंत शिकविलेला तरफेचा नियमच येथें लागू होतो. समजा, उभ्या दांड्याचा वरचा भाग दीड इंच आणि खालचा साडेचार इंच आहे. स्वारानें एक किलोची ओढ दिली तर सांखळीवर तीन किलोंचा ताण येतो, आणि जीभ व हिरडी यांवर त्या दोहोंची बेरीज, म्हणजे सुमारें चार किलो. स्वाराच्या हाताला एकच किलो जाणवतो. उरलेले तीन कोणाला जाणवतात हें सांगावयास नको. कसलेल्या स्वाराच्या हातीं हा लगाम बोटाच्या इशाऱ्यावर चालतो, याबद्दल वाद नाहीं. पण शिकाऊ स्वाराला तो देणें म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत देणें होय.

आणि तिसरी जात कांटेरी लगामांची. दांडीवर खिळे किंवा खवले बसविलेले हे लगाम आपल्या देशांत अद्यापि दिसतात. पुढच्या वेळीं एखाद्या लग्नाच्या वरातींत नवरदेवाकडे पाहून झालें म्हणजे त्याच्या घोड्याच्या तोंडाकडेहि जरा पाहावें. हें कायद्याविरुद्ध आहे, हें पुष्कळांना ठाऊकच नसतें. ओझीं वाहणाऱ्या व ओढणाऱ्या जनावरांसंबंधीं भारत सरकारनें १९६५ सालीं केलेल्या नियमांत कांटेरी काठी, कांटेरी लगाम व टोंचणारा साज वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. ही युक्ति आपलीच असेंहि नाहीं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक सेनानीनें अश्वविद्येवर लिहिलेल्या ग्रंथांत स्वारापाशीं एक गुळगुळीत आणि एक कांटेरी असे निदान दोन लगाम असावेत असें म्हटलें आहे. कांटेरी लगामानें घोडा लोखंड चावून धरावयाचें सोडून देतो आणि मग गुळगुळीत लगाम त्याला सुखाचा वाटतो, असा त्याचा हिशेब. या हिशेबाशीं मी सहमत नाहीं. परंतु त्याच ठिकाणीं तो असेंहि सांगतो कीं ताठ दांडीपेक्षां सैल सांध्यांची बरी. कारण ताठ दांडी कोठेंहि पकडली तरी सबंध हातीं येते, सैल असली तर घोडा एक टोंक धरूं जातो तों दुसरें निसटतें. चोवीसशें वर्षांपूर्वींचें हें निरीक्षण क्ष-किरणांच्या साहाय्यावांचून केलेलें आहे.

लगाम निवडण्यापूर्वीं दांत तपासून घ्यावेत, हें मी कोणत्याहि पुस्तकांत वाचून शिकलों नाहीं. माझ्याकडे एक घोडी होती. चाल सुरेख, स्वभाव गरीब. पण डाव्या बाजूला वळवूं लागलें कीं डोकें झटकावयाची आणि मग जी सुटायची ती आवरेनाशी व्हायची. मी साधा लगाम काढून एका जोडाचा बारीक लगाम घातला. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हां तेंच. मग मी तरफेचा लगाम आणला. घोडी आवरली, आणि मला माझ्या कौशल्याचा अभिमानहि वाटला. महिन्याभरांत ती लगाम पाहिला कीं तबेल्याच्या कोंपऱ्यांत तोंड घालून उभी राहूं लागली. मी तिला हट्टी म्हणत होतों. घरांतल्या माणसांसमोर, पाहुण्यांसमोर म्हणत होतों. शेवटीं दुसऱ्याच कांहीं कामासाठीं आलेल्या पशुवैद्यांनीं सहज तिच्या तोंडांत बोट घातलें आणि वरच्या डाव्या दाढेच्या अलीकडे हिरडींतून जेमतेम वर आलेला, मण्याएवढा एक दांत मला दाखविला. असा जास्तीचा दांत पुष्कळ घोड्यांना असतो. दर वेळीं डावा पट्टा ओढला कीं लोखंड त्याच्यावर आपटत होतें. आणि मी दर वेळीं अधिक कठोर लोखंड आणून अधिक जोरानें आपटवीत होतों. दांत काढला. जखम भरेपर्यंत घोडी नुसत्या मोहरकीवर फिरविली, आणि नंतर तिच्या तोंडांत तोच पहिला, साधा लगाम घातला. त्यानंतर ती कधीं सुटली नाहीं. परंतु लगाम पाहून कोंपऱ्यांत तोंड घालण्याची तिची संवय जावयास पुरतें एक वर्ष लागलें.

तेव्हां वर्षांतून एकदां पशुवैद्यांकडून तोंड तपासून घ्यावें. घोड्याचे दांत जन्मभर वर सरकत राहतात आणि दाढांना वस्तऱ्यासारख्या कडा येतात. वरच्या दाढांच्या त्या गालांना कापतात, खालच्यांच्या जिभेला. कानशीनें त्या घासून घेतां येतात. अडीच ते पांच वर्षांच्या वयांत दुधाचे दांत पडून नवे येत असतात, सुळेहि त्याच सुमारास फुटतात. आपल्या घरांत दांत येणाऱ्या मुलाची जी चिडचीड आपण समजून घेतों, तीच या वयाच्या शिंगराबाबत ध्यानांत ठेवावी.

आतां माप. एक गुळगुळीत दोरी घेऊन तिला एका टोंकाला गांठ मारावी. ती तोंडांतून आडवी घालून गांठ एका बाजूच्या ओंठाच्या कोंपऱ्याशीं ठेवावी आणि दुसऱ्या कोंपऱ्याशीं खूण करावी. कड्या सैल फिरणाऱ्या असतील तर या मापांत प्रत्येक बाजूस सुमारें पाव इंच मिळवावें. कड्या दांडीला पक्क्या जडविलेल्या असतील तर त्याच्या निम्में पुरे. आपल्याकडील तट्टांना बहुधा साडेचार इंचांच्या आसपास आणि मोठ्या घोड्यांना पांच ते साडेपांच इंच लागतात, पण जातीवरून अंदाज करूं नये. दांडी आंखूड पडली तर कड्या ओंठांना चिमटतात. लांब पडली तर अधिक वाईट: ती तोंडांत इकडून तिकडे सरकते, तिचा जोड मध्यावर राहत नाहीं, आणि एकाच बाजूला मार बसतो. भाड्याच्या घोड्यांत हाच दोष मला सर्वांत अधिक दिसला आहे, कारण मोठा लगाम सर्वांना 'होतो', लहान होत नाहीं.

उंचीबाबत स्वारांच्या पुस्तकांत एक ठराविक नियम असतो: ओंठांच्या कोंपऱ्यांत एक किंवा दोन सुरकुत्या पडाव्यात. पातळ ओंठांच्या घोड्याला लोखंड बरेंच वर गेल्यावांचून सुरकुती पडत नाहीं, आणि मांसल ओंठांच्या घोड्याला तीन सुरकुत्या पडूनहि तें सैलच असतें. माझी रीत अशी आहे. गालावरचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे ठेवून प्रथम लोखंड ओंठांच्या कोंपऱ्यांना जेमतेम टेकेल इतकें ठेवावें, आणि घोड्याला पांच मिनिटें स्वस्थ उभें करावें. तो जिभेनें लोखंड सारखें चाळवीत राहिला, किंवा जीभ त्याच्यावरून काढूं लागला, तर एक भोंक वर घ्यावें. नर घोड्यांत लोखंड सुळ्यांना लागत नाहीं ना हें अंगठ्यानें चांचपून पाहावें. ओंठ ताणल्यामुळें घोडा हंसतो आहे असें दिसूं लागलें तर तें फार वर गेलें आहे. तोंड शांत, ओंठ मिटलेले आणि आंत किंचित् चघळल्यासारखी हालचाल, एवढें दिसलें म्हणजे तेथेंच थांबावें. तरफेचा लगाम वापरणें भागच असेल तर त्याची सांखळी पीळ काढून सपाट बसवावी, आणि उभे दांडे सुमारें पंचेचाळीस अंश मागें आल्यावरच ती हनुवटीला घट्ट व्हावी.

नाकावरून जाणाऱ्या पट्ट्याविषयीं दोन शब्द अवश्य सांगावयाचे आहेत, कारण सौम्य लगामाचें सारें पुण्य हा पट्टा धुऊन टाकूं शकतो. घोड्यानें तोंड उघडूं नये म्हणून तो आंवळून बांधण्याची चाल स्पर्धांच्या जगांत बोकाळली. नाकाच्या हाडावर पट्ट्याखालून दोन बोटें सहज जावींत, हा जुना नियम आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आयर्लंड, इंग्लंड व बेल्जम येथील स्पर्धांतल्या ७५० घोड्यांचे पट्टे मोजले. शेंकडा ४४ घोड्यांच्या पट्ट्याखालीं एकहि बोट जात नव्हतें, आणि नियमाप्रमाणें दोन बोटें जात होतीं तीं केवळ शेंकडा ७ ठिकाणीं. दुखतें म्हणून तोंड उघडावें, तर तेंहि बांधून टाकलेलें!

धातूविषयीं थोडक्यांत. गंज न चढणारें पोलाद सर्वांत निर्धोक. तांबें मिसळलेल्या लोखंडानें लाळ अधिक सुटते असें म्हणतात आणि कांहीं घोड्यांना तें आवडतें. रबर मऊ खरें, पण चावून फाटतें, म्हणून रोज पाहावें लागतें. मुलामा उडालेला लगाम मात्र फेंकूनच द्यावा. त्या पापुद्र्याची कड ब्लेडसारखी असते.

इतकें करूनहि ठीक झालें कीं नाहीं हें ओळखावें कसें? डोकें झटकणें, जीभ बाहेर काढणें, दांत खाणें, शेपटी फटकारणें, एकाच बाजूला वळण्यास नाखुशी, लगाम घालतांना मान उंच करणें, हीं सारीं तक्रारीचीं चिन्हें होत. तोंडाला फेंस आला म्हणजे घोडा खुशींत आहे असें समजूं नये. आणि रक्त दिसलें नाहीं म्हणून जखम नाहीं असेंहि समजूं नये. फिनलंडमध्यें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत शर्यत संपल्यावर २६१ घोड्यांचीं तोंडें तपासलीं. शेंकडा ८४ घोड्यांना लोखंड बसतें त्या भागांत ताज्या जखमा होत्या, आणि बाहेरून रक्त दिसलें तें अगदीं थोड्यांच्या. आठवड्यांतून एकदां दिवसाच्या उजेडांत ओंठांचे कोंपरे, हिरडीच्या कडा आणि जीभ स्वच्छ बोटांनीं पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. जखम असेल तर ती भरेपर्यंत लोखंड बंद. या काळांत बिनलोखंडाचा, नाकावर दाब देणारा लगाम कामास येतो. तोहि जोरानें ओढला तर नाकाचें हाड दुखावतो, एवढें लक्षांत असूं द्यावें.

उरला हात. घोडा चालतांना त्याची मान दर पावलाला पुढें-मागें होते, आणि स्वाराचे कोंपर तिच्याबरोबर उघडमीट झाले नाहींत तर उत्तमांतला उत्तम लगामहि दर पावलाला धक्का देतो. हें शिकावयास महिने लागतात, आणि तोंवर तोल संभाळण्यासाठीं कांहींतरी धरावें हें लागतेंच. म्हणून मुलाला प्रथम घोड्याच्या मानेभोंवतीं एक साधा चामडी पट्टा बांधून द्यावा आणि भीति वाटली कीं तो धरावयास सांगावें. थंड हवेच्या ठिकाणीं भाड्याच्या तट्टावर मूल बसवितांना, हातांतले पट्टे लोखंडाच्या कड्यांना न बांधतां मोहरकीला बांध, असें घोडेवाल्याला सांगून पाहा. दोरी धरून तो स्वतः पुढें चालतच असतो. मुलाच्या ओढण्यानें कांहींच बिघडत नाहीं. मीं विचारलें तेव्हां बहुतेक घोडेवाल्यांनीं हें आनंदानें केलें. एक म्हातारा घोडेवाला तर म्हणाला, "साहेब, आम्हीहि तेंच करतों, पण लोकांना लगाम हातांत असल्याशिवाय घोड्यावर बसल्यासारखें वाटत नाहीं."

लगाम घालतांना, विशेषतः डोंगरावरच्या थंडींत, लोखंड आधीं मुठींत धरून ऊन करावें. अंगठा दांत नसलेल्या मोकळ्या जागीं घातला कीं घोडा आपण होऊन तोंड उघडतो; लोखंडानें दांतांवर ठोठावूं नये. आणि काढतांना घाई तर मुळींच करूं नये. डोक्यामागचा पट्टा कानांवरून पुढें घेऊन तसाच हातांत धरावा, खालीं ओढूं नये, आणि घोडा लोखंड आपणहून सोडून देईपर्यंत उभें राहावें. मग तें लागलीच पाण्यांत बुडवून, लाळ वाळण्यापूर्वीं धुऊन, कोरडें पुसून टांगावें.